एक कुपी, तीन वॉर्ड

क्षयापासून वाचवणाऱ्या बीसीजी लसीची कुपी दिसायला साधीच असते. गडद काच, तळाशी चिमूटभर पांढरी भुकटी. प्रसूती कक्षातल्या सिस्टर त्यात द्रावण मिसळून ०.०५ मिलिलिटर लस एका दिवसाच्या बाळाच्या डाव्या दंडावर, कातडीच्या आतल्या थरात टोचतात. मूत्ररोग विभागात बीसीजीचेच जिवंत जंतू कितीतरी मोठ्या मात्रेत, नळीवाटे, एखाद्या आजोबांच्या मूत्राशयात सोडले जातात; तिथं ते कर्करोगावरचं औषध असतं. आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाच्या खाटेजवळ मात्र ही लस फिरकूही द्यायची नसते. ज्याची प्रतिकारशक्ती औषधांनी दाबून ठेवली आहे, त्याच्या अंगात हेच दुबळे जंतू पसरून जिवावर बेतू शकतं.

लसी, कर्करोगावरची किमोथेरपी आणि प्रतिकारशक्तीत फेरफार करणारी औषधं हे तीन गट परिचारिकांच्या पाठ्यपुस्तकात सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत येतात. लसीचं प्रकरण सामुदायिक आरोग्याकडे झुकतं, किमोचं कर्करोग विभागाकडे, आणि तिसरं बहुतेकदा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचलं जातं. प्रत्यक्षात तिन्हींचं कार्यक्षेत्र एकच, आपली प्रतिकारशक्ती. लस तिला शिकवते, किमो कर्करोगाच्या पेशींबरोबर तिलाही झोडपते, आणि तिसरा गट तिला लगाम घालतो किंवा तिचा लगाम सोडतो. या तिन्ही गटांत मात्रा डॉक्टर लिहितात, औषध फार्मासिस्ट देतात. पण कोणत्या मार्गानं, किती वेगानं, कोणत्या वेळी आणि कोणता प्रश्न विचारून ते अंगात जाईल, हे सिस्टरांच्या हातात असतं. या शेवटच्या हाताला काय ठाऊक असावं लागतं, त्याचा हा आढावा.

मुंबईतलं परळ या विषयाचं माहेरघर म्हणता येईल. हाफकिन संस्था, टाटा स्मारक रुग्णालय आणि मूत्रपिंड प्रत्यारोपण करणारं केईएम, तिन्ही इथं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत.

लस: थंडावा, कुपी आणि चिमटा

भारतातली पहिली लस मुंबईतच टोचली गेली. १४ जून १८०२ रोजी तीन वर्षांच्या ॲना डस्टहॉल या मुलीला देवीची लस मिळाली. तेव्हा फ्रीज नव्हता, बर्फाची पेटी नव्हती. एका मुलाच्या दंडावरच्या फोडातला द्रव दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती लस माणसांच्या अंगाखांद्यावरून प्रवास करी. पुढे १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, आणि वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली.

त्याच लसीनं १९०२ मध्ये एक कटू धडा दिला. पंजाबातल्या मलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं दगावले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पद सोडावं लागलं. नंतरच्या तपासात बाटली उघडतानाची हकिकत पुढे आली: सहायकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि पुरेसा निर्जंतुक न करताच तो बुचाला लावला गेला. १९०७ मध्ये हाफकिन निर्दोष ठरले. लस चांगली होती. बिघाड कुपी उघडण्याच्या त्या क्षणी झाला.

हा धडा अजून जुना झालेला नाही. ३१ जानेवारी २०२१ रोजी, पल्स पोलिओच्या दिवशी, यवतमाळ जिल्ह्यातल्या १२ बालकांच्या तोंडात पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर गेलं. सुदैवानं मुलं बचावली, संबंधितांवर कारवाई झाली. पण कारवाईच्या बातमीत मुख्य गोष्ट हरवते. हाताशी दोन द्रव असतील, तर दर वेळी लेबल वाचणं हेच औषधशास्त्राचं पहिलं पान असतं. मग ते पान कितीही पाठ असो.

लसींचे नियम लसींच्या जातीवर ठरतात. बीसीजी, गोवर-रुबेला, तोंडी पोलिओ आणि रोटाव्हायरस या जिवंत लसी. त्यांना उष्णता मारते. पेंटाव्हॅलंट, हिपॅटायटिस बी, टीडी या लसींत ॲल्युमिनियमचा क्षार असतो. त्या गोठल्या, की क्षाराचे कण एकमेकांना चिकटतात आणि लस निकामी होते. म्हणून दोन ते आठ अंश सेल्सिअस हा आकडा दोन्ही बाजूंनी जपायचा असतो, आणि गोठण्याची चूक जास्त फसवी असते. कुपीवरचा उष्णतादर्शक चौकोन रंग बदलून ऊन लागल्याचं सांगतो, पण गोठल्याबद्दल तो काहीच बोलत नाही. त्यासाठी ‘शेक टेस्ट’ लागते: संशयित कुपी आणि मुद्दाम गोठवून वितळवलेली कुपी एकदम हलवून शेजारी ठेवायच्या आणि कुणाचा गाळ लवकर बसतो ते पाहायचं. अनुभवी एएनएम, म्हणजे गावोगाव लस देणाऱ्या परिचारिका, आइसपॅक डीप फ्रीझरमधून काढून लगेच व्हॅक्सिन कॅरियरमध्ये टाकत नाहीत. कानाशी हलवून आत पाणी खळखळल्याचा आवाज आला, की मगच तो आत जातो.

उघडलेल्या कुपीचं गणितही जातीप्रमाणेच चालतं. पेंटाव्हॅलंटची उघडी कुपी अटी पाळल्या तर २८ दिवसांपर्यंत वापरता येते, कारण तिच्यात जंतुरोधक घातलेलं असतं. बीसीजी आणि गोवर-रुबेलाच्या कुपीत ते नसतं. द्रावण मिसळल्याची वेळ कुपीवर लिहायची आणि चार तासांनंतर उरलेली लस टाकायची. उन्हातान्हात तीन वाड्या फिरून आलेल्या सिस्टरांना दोन मुलं उरली असताना कुपी टाकणं जिवावर येतं. पण त्या उघड्या द्रवात स्टॅफिलोकॉकस वाढले, तर काही तासांत बाळाला उलट्या-जुलाब होऊन ते शॉकमध्ये जाऊ शकतं.

जागा आणि थर यांचंही तसंच. बीसीजी कातडीत, गोवर-रुबेला कातडीखाली, पेंटाव्हॅलंट मांडीच्या स्नायूत. बीसीजी खोल गेली तर गाठ होते, पू होतो. बरोबर गेली तर कातडीवर संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा येतो. काही आठवड्यांनी तिथं फोड येऊन व्रण राहतो. हे आईला आधीच सांगितलं नाही, तर ती त्यावर हळद लावते किंवा बाळाला डॉक्टरकडे पळवते. म्हणून लसीकरण सत्रात आईला चार गोष्टी सांगायच्या असतात: कोणती लस दिली आणि ती कशापासून वाचवते, काय त्रास होऊ शकतो आणि तेव्हा काय करायचं, पुढची तारीख कोणती, आणि कार्ड जपून ठेवा. पाचवी गोष्ट सांगायची नसते, करायची असते. अर्धा तास बाळाला तिथंच थांबवायचं आणि ॲड्रेनॅलिनची पेटी हाताशी ठेवायची. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, फार क्वचित होते, पण झाली तर मिनिटांचा खेळ असतो. अशा वेळी स्नायूत ॲड्रेनॅलिनचा पहिला डोस देण्याची मुभा एएनएमना आहे.

किमो: शीर, घड्याळ आणि ताप

किमोचा जन्म युद्धातल्या विषवायूच्या अभ्यासातून झाला. मस्टर्ड वायू पांढऱ्या पेशी नष्ट करतो, हे दिसल्यावर अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १९४२ मध्ये नायट्रोजन मस्टर्ड लसिकाग्रंथींच्या कर्करोगाच्या रुग्णाला देऊन पाहिलं गेलं. दुसरा धागा आपल्या जवळचा. आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेतल्या लेडर्ले प्रयोगशाळेत होते. त्यांच्या चमूनं बनवलेल्या फोलेटविरोधी औषधानं सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांमध्ये तात्पुरता का होईना, पण रोग मागे हटवून दाखवला. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही रोज वापरात आहे. तिसरा धागा तर आपल्या अंगणातला. सदाफुलीतून व्हिन्ब्लास्टिन आणि व्हिन्क्रिस्टिन ही औषधं निघाली.

व्हिन्क्रिस्टिनपुरतं बोलायचं, तर मार्ग चुकणं म्हणजे काय, हे सांगायला दुसरं उदाहरण नको. शिरेतून दिलं, तर हे औषध लहान मुलांचा रक्ताचा कर्करोग बरा करायला मदत करतं. मणक्यातल्या द्रवात गेलं, तर जवळपास नेहमीच मृत्यू ओढवतो. आणि या मुलांना मणक्यातून मेथोट्रेक्सेट द्यायचंच असतं, अनेकदा त्याच दिवशी, त्याच प्रक्रियाकक्षात. दोन सिरिंज एका ट्रेमध्ये आल्या आणि अदलाबदल झाली, असे अपघात जगभर झाले. म्हणून २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सूचना काढली: व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरूच नका, छोट्या सलाईनच्या पिशवीत मिसळून द्या. पिशवी मणक्याच्या सुईला कुणी जोडायला जात नाही. ‘काळजी घ्या’ असं शंभरदा बजावण्यापेक्षा चुकीची वाटच बंद करणारी ही युक्ती सुरक्षित औषधोपचाराचा उत्तम नमुना आहे. तरीही सिरिंजची सवय अनेक ठिकाणी टिकून आहे.

दुसरा प्रश्न शिरेचा. डॉक्सोरुबिसिन लालभडक असतं, लघवीही एक-दोन दिवस लालसर होते, आणि हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण रक्त जातंय समजून घाबरतो. ते शिरेबाहेर झिरपलं, तर आतले थर दिवसेंदिवस कुजत जातात. म्हणून असं औषध देताना सिस्टर शेजारी उभ्या राहतात, रक्त परत येतंय का ते पाहतात आणि ‘जळजळतंय का?’ असं विचारत राहतात. झिरपलंच तर औषध थांबवायचं, पण सुई लगेच उपटायची नाही. तिच्यातूनच जमेल तेवढं परत ओढून घ्यायचं. पुढची पायरी औषधागणिक उलटी होते: डॉक्सोरुबिसिनला थंड शेक, व्हिन्क्रिस्टिनला गरम. ‘सूज आली, बर्फ लावा’ हा घरगुती नियम इथं निम्म्या वेळा चुकतो.

बाकीच्या औषधांचेही स्वभाव असेच ठाऊक असावे लागतात. सिस्प्लाटिन मूत्रपिंडाला आणि कानाला मारतं, म्हणून भरपूर सलाईन आणि लघवीचं मोजमाप. सायक्लोफॉस्फमाइडनं मूत्राशयातून रक्त जाऊ शकतं, म्हणून मोठ्या मात्रेत मेस्ना सोबत. ऑक्झॅलिप्लाटिन डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, मिठाच्या सलाईनमध्ये नाही. आणि त्यानंतर काही दिवस रुग्णानं माठातलं गार पाणीसुद्धा टाळायचं, नाहीतर घसा आवळल्यासारखा होतो आणि बोटांत मुंग्या येतात. पॅक्लिटॅक्सेलची तीव्र ॲलर्जी बहुधा पहिल्या काही मिनिटांतच उठते, म्हणून ठिबक सुरू करून चहाला जायचं नसतं.

मात्रा शरीराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावरून निघते, त्यामुळे वजनकाटा हे किमो वॉर्डातलं महत्त्वाचं यंत्र. दोन सायकलींमध्ये सहा किलो घटलेल्या माणसाच्या कागदावर जुनंच वजन राहिलं, तर त्याला जादा डोस मिळतो. १९९४ मध्ये बोस्टनमधल्या नामांकित कर्करोग केंद्रात चार दिवसांत मिळून द्यायची सायक्लोफॉस्फमाइडची मात्रा रोज, सलग चार दिवस दिली गेली. तिथल्या दैनिकात आरोग्यावर लिहिणाऱ्या पत्रकार महिलेचा त्यात जीव गेला. चूक लिहिण्याच्या पद्धतीत होती: आकडा एका दिवसाचा की चार दिवसांचा, हे कागदावरून नीट कळत नव्हतं. दोन सिस्टरांनी स्वतंत्रपणे, एकमेकींचं उत्तर न पाहता, हिशेब करून पाहण्याची पद्धत अशाच दुर्घटनांतून घट्ट झाली. एकीनं केलेल्या हिशेबाखाली दुसरीनं नुसती सही करणं म्हणजे तपासणी नव्हे.

किमोचा सर्वांत मोठा धोका मात्र वॉर्डात दिसत नाही, घरी दिसतो. डोसानंतर साधारण सात ते चौदा दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. तोवर रुग्ण मुंबई-पुण्याहून आपल्या गावी पोचलेला असतो. नंदुरबारच्या पाड्यावर दहाव्या दिवशी ताप येतो, गावातला डॉक्टर पॅरासिटामॉल देतो, ताप उतरतो आणि रात्रीत माणूस अत्यवस्थ होतो. पेशीच नसतील, तर पूही होत नाही आणि खोकल्यात कफही येत नाही. ताप हे एकच लक्षण, आणि तेही गोळीनं झाकलं जातं. एकदाच ३८.३ अंश किंवा तासभर ३८ अंश टिकलेला ताप म्हणजे आणीबाणी; रुग्णालयात पोचल्यापासून तासाभरात प्रतिजैविक शिरेतून जायला हवं. म्हणून घरी सोडताना फाइलमध्ये थर्मामीटर वापरायचा सल्ला, आकडा आणि फोन नंबर मराठीत, मोठ्या अक्षरांत असावा. इंग्रजी डिस्चार्ज कार्ड तापलेल्या रुग्णाच्या मुलाला रात्री दोन वाजता काही सांगत नाही.

औषध देणाऱ्या हाताचं काय? १९७९ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी दाखवलं, की ही औषधं हाताळणाऱ्या परिचारिकांच्या लघवीत जनुकबदल घडवणारे पदार्थ सापडतात. तेव्हापासून औषध मिसळण्यासाठी सुरक्षित कपाट, दुहेरी नायट्राइल हातमोजे, गाऊन, सांडल्यास वापरायचा संच हे नियम आले. रुग्णाची लघवी-उलटी दोन दिवस हातमोजे घालून हाताळायची. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार उरलेली औषधं उत्पादकाकडे परत जातात किंवा १२०० अंशांच्या वर जाळावी लागतात. छोट्या गावांतल्या डे-केअर केंद्रांत मात्र खिडकीशेजारच्या टेबलावर, साध्या हातमोज्यांनी औषध मिसळलं जाताना दिसतं. गरोदर सिस्टरला हे काम देऊ नये, हे सांगावं लागण्याची वेळ येऊ नये.

लगाम: आवळणारी आणि सोडणारी औषधं

तिसऱ्या गटात परस्परविरोधी स्वभावाची औषधं एकत्र नांदतात. एक शाखा प्रतिकारशक्ती दाबते. बदललेलं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड. टॅक्रोलिमस जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या जंतूपासून मिळालं, आणि त्याच्या इंग्रजी नावातलं ‘टी’ हे अक्षर त्सुकुबाचंच. हे औषध अरुंद बांधावरून चालतं. पातळी कमी झाली तर अवयव जातो, जास्त झाली तर त्याच औषधानं मूत्रपिंड बिघडतं. म्हणून रक्त घ्यायचं ते सकाळच्या गोळीच्या आधी. रुग्ण गोळी घेऊन आला असेल, तर त्या दिवसाचा आकडा फसवा असतो. ‘आज गोळी घेतली का?’ हा प्रश्न सुई टोचण्याआधी विचारावा लागतो. परदेशी पुस्तकांत ग्रेपफ्रूट टाळा असं लिहिलेलं असतं, ते आपल्याकडे फारसं कुणी खात नाही. त्याचंच भावंड असलेलं पपनस मात्र गणपतीच्या दिवसांत घरोघरी येतं, आणि तेही टॅक्रोलिमसची पातळी वाढवू शकतं. क्षयावरचं रिफाम्पिसिन उलट ती पातळी झपाट्यानं पाडतं.

मेथोट्रेक्सेट इथं पुन्हा भेटतं. संधिवातात ते अगदी कमी मात्रेत, आठवड्यातून एकदाच घ्यायचं. रोज घेतलं गेलं, तर तोंड सोलतं, पेशी कोसळतात, माणूस दगावतो. पाकिटावर ‘आठवड्यातून एकदा’ एवढंच लिहून भागत नाही, वार लिहावा लागतो. आपल्याकडे उपवासाचा वार कुणाला विसरत नाही. ‘आजी, तुमचा गुरुवार गोळीचा’ असं सांगून तोच वार पट्टीवर लिहून देणाऱ्या सिस्टर मोठा अपघात टाळतात.

स्टिरॉइडबद्दल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत कोविडसाठी दिलेल्या स्टिरॉइडनं अनेकांचा जीव वाचवला, आणि जिथं ते फार लवकर, फार जास्त, साखरेवर लक्ष न ठेवता दिलं गेलं, तिथं म्युकरमायकोसिसनं डोळे आणि जबडे नेले. दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यानं ते एकदम बंद करायचं नसतं, हेही तितकंच महत्त्वाचं. जैविक औषधांपैकी इन्फ्लिक्सिमॅबसारखी टीएनएफ रोखणारी औषधं झोपलेला क्षय जागा करतात आणि रिटक्सिमॅब हिपॅटायटिस बी जागा करतं. क्षयाचा भार वाहणाऱ्या आपल्या देशात पहिल्या डोसाआधी ‘घरात कुणाला टीबी झाला होता का?’ हा प्रश्न उपचाराचाच भाग आहे.

दुसरी शाखा लगाम सोडते. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होन्जो यांना २०१८ चं नोबेल मिळालं, ते पेशींवरचे ब्रेक काढून प्रतिकारशक्तीला कर्करोगावर सोडण्याच्या शोधासाठी. निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही त्या घरातली औषधं. त्यांनी केस गळत नाहीत, उलट्या फारशा होत नाहीत, त्यामुळे रुग्ण त्यांना ‘सौम्य किमो’ समजतो, आणि घोटाळा तिथंच होतो. किमोनं जुलाब झाले तर ते थांबवायचं औषध चालतं. या औषधांनी झाले, तर ती आतड्यावर स्वतःच्याच पेशींनी केलेली चढाई असू शकते आणि तिला स्टिरॉइड लागतं. खोकला, थकवा, तहान, डोकेदुखी, प्रत्येकामागे फुप्फुस, थायरॉइड, स्वादुपिंड किंवा पीयूष ग्रंथी असू शकते, आणि हे शेवटच्या डोसानंतर काही महिन्यांनीही उद्भवतं. ‘दिवसात नेहमीपेक्षा किती वेळा जास्त जावं लागतं?’ हा साधा आकडा विचारणं इथं निदान ठरतं.

खर्चाचा प्रश्न या औषधांत सर्वांत बोचरा, आणि त्यावर परळमधून एक उत्तर आलं. टाटा स्मारक रुग्णालयाच्या डॉक्टरांनी तोंड-घशाच्या वाढलेल्या कर्करोगात निवोलुमॅब फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या डोसाच्या दहाव्या भागाहूनही कमी, दर तीन आठवड्यांनी दिलं; सोबत आठवड्याचं मेथोट्रेक्सेट आणि दोन तोंडी औषधं. १५१ रुग्णांच्या या चाचणीत वर्षभरानंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तंबाखूनं पोखरलेल्या महाराष्ट्रात या आकड्याचं मोल निराळं सांगायला नको.

सीमेवरचे प्रश्न

हे तीन गट जिथं एकमेकांना भिडतात, तिथं खरी परीक्षा होते. आतड्याच्या आजारासाठी आईनं गरोदरपणी इन्फ्लिक्सिमॅब घेतलं, ते वारेतून बाळात उतरलं, आणि बाळाला नेहमीसारखी बीसीजी दिली गेली. २०१० मध्ये ब्रिटनमधून अशा एका बाळाच्या मृत्यूची नोंद प्रसिद्ध झाली. अशा बाळांची बीसीजी किमान सहा महिने लांबवावी, असा सल्ला त्यानंतर रूढ झाला. आपल्याकडे बीसीजी जन्मतःच दिली जाते, म्हणून ‘गरोदरपणात कसली इंजेक्शनं चालू होती?’ हा प्रश्न प्रसूती कक्षातच विचारला जायला हवा. आईची संधिवाताची किंवा पोटाच्या आजाराची फाइल घरी कपाटात असते आणि बाळाचं कार्ड सिस्टरांच्या हातात. दोन कागदांची गाठ घालून देणारी दुसरी व्यक्ती तिथं नसते.

किमो सुरू असलेल्या मुलाला जिवंत लस द्यायची नसते. पण त्याच्या भावंडांच्या लसी थांबवायच्याही नसतात, कारण त्यांची लस त्याला आडोसा देते. तोंडी पोलिओचा विषाणू मात्र विष्ठेतून बाहेर पडतो, म्हणून अशा घरात पोलिओची टोचायची लस बरी. निष्क्रिय लसी शक्य असेल तर किमोच्या दोन आठवडे आधी उरकायच्या. उपचार संपल्यावर जिवंत लसींसाठी निदान तीन महिने थांबायचं, आणि रिटक्सिमॅब दिलं असेल तर सहा. मूत्राशयातली बीसीजी आपल्याला सुरुवातीच्या कुपीकडे परत आणते. १९७६ मध्ये कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी ती कर्करोगावर वापरून दाखवली. नळी घालताना रक्त आलं, तर त्या दिवशी औषध सोडायचं नाही, कारण जिवंत जंतू रक्तात जातील. नंतर काही तास घरच्या संडासात लघवीनंतर ब्लीच टाकून पंधरा मिनिटं थांबायचं. आजोबांच्या घरात प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारं कुणी असेल, तर हा नियम जास्तच कडक.

आणि मग कार-टी. आयआयटी मुंबई आणि टाटा स्मारक यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या भारतीय उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांची जनुकं बदलून त्या परत सोडायच्या. त्याआधी जागा करण्यासाठी किमो द्यायची. पेशी सोडल्यावर प्रतिकारशक्ती भडकली, तर टोसिलिझुमॅब द्यायचं, जे संधिवाताचंही औषध आहे. पुढे प्रतिपिंडं बनवणाऱ्या पेशी कमी झाल्या, तर लसींचा पुन्हा विचार. एका रुग्णात तिन्ही प्रकरणं. या उपचारात मेंदूवर परिणाम होतोय का, हे ओळखायला सिस्टर रोज रुग्णाला एक वाक्य लिहायला सांगतात. ‘आज मला बरं वाटतंय’ हे काल सुबक अक्षरात होतं, आज रेघा भरकटल्या, तर स्कॅनची वाट न पाहता डॉक्टरांना फोन जातो. महागड्या उपचाराची राखण एका पेन्सिलीनं होते.

तोलून पाहता

या आढाव्यातून दिसतं ते असं. तिन्ही गटांतले बहुतेक अपघात अज्ञानातून कमी आणि घाईतून, थकव्यातून, अपुऱ्या कागदातून जास्त घडतात. पडलेला चिमटा, सिरिंजची अदलाबदल, चार दिवसांचा डोस एका दिवसात, रोज घेतलेली आठवड्याची गोळी, यांतल्या कुठल्याही चुकीला नवं औषध शोधावं लागत नाही. लागते ती दुसरी तपासणारी सिस्टर, सलाईनची छोटी पिशवी, सुरक्षित कपाट, मराठीतलं डिस्चार्ज कार्ड आणि प्रश्न विचारायला लागणारी दोन मिनिटं. एका सिस्टरच्या वाट्याला चाळीस खाटा दिल्या, की ती दोन मिनिटं आधी जातात. म्हणून परिचारिकांची रिक्त पदं भरणं हा औषधसुरक्षेचाच मुद्दा आहे, आणि हे तीन विषय एकत्र, एकमेकांच्या सीमेवर शिकवणं ही अभ्यासक्रमाची गरज आहे. किमो हाताळणाऱ्या प्रत्येकीला कपाट आणि हातमोजे मिळणं, हा तिचा हक्क आहे.

वाचकांना सांगणं थोडंच. तुमची आणि बाळाची सगळी कागदपत्रं एकाच पिशवीत ठेवा आणि लसीच्या दिवशीही ती पिशवी बरोबर न्या. किमोनंतर ताप आला, तर गोळी घेण्याआधी फोन करा. आणि ठिबक लावण्याआधी सिस्टर तिसऱ्यांदा तुमचं नाव, वजन आणि चालू औषधं विचारतील, तेव्हा कंटाळू नका. तिसऱ्यांदाही नीट उत्तर द्या.